मेलेल्यांचं ऐकू येणारी बाई ‘नको’ का म्हणते?

प्रश्न (डोंबिवलीच्या एका लेखिकेचा, थोडक्यात): माझ्या कादंबरीची नायिका वृषाली मुंबईत बँकेत आहे. मेलेली माणसं तिच्याशी बोलतात आणि तिला ते नको आहे. कुडाळ तालुक्यातल्या तिच्या आजोळी बागायतदार आबांचं प्रेत विहिरीत सापडतं. तपासाला निरीक्षक परब येतात आणि दोघं प्रेमात पडतात. ऐंशी पानांवर अडकलेय. तिचा नकार हट्टी वाटतो, रहस्य टिकत नाही, प्रेम चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय हे सगळं अंधश्रद्धेला खतपाणी ठरेल का, अशी धास्ती आहे. काय करू?

उत्तर:

तुमची ऐंशी पानं मी दोनदा वाचली. एकदा रात्री, भीती वाटेल या आशेने, आणि एकदा सकाळी पेन्सिल घेऊन. रात्री भीती वाटली नाही. सकाळी मात्र पान चारवर एक गोष्ट सापडली, तिच्याकडे शेवटी येते.

बावीस वर्षं मी दिवाळी अंकांसाठी गूढकथा लिहितेय, आणि मधली काही वर्षं इतरांच्या कथा वाचून साभार परत पाठवायचं पापही केलंय. नको असलेलं वरदान मिळालेल्या नायिका माझ्या टेबलावरून इतक्या गेल्यात की त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड काढता येईल. बहुतेकींचं दुखणं सारखंच असतं आणि तुमच्या वृषालीचंही तेच आहे. तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मुळाशी एकच आहे: ती ‘नको’ म्हणते, आणि त्या ‘नको’मुळे कुणाचं काही बिघडत नाही.

पहिल्या प्रकरणात तिचं डोकं दुखतं. दुसऱ्यात नाकातून रक्त येतं. तिसऱ्यात ती म्हणते, “मला फक्त सगळ्यांसारखं जगायचंय.” अहो, सगळ्यांसारखं जगणाऱ्यांनाही तसं जगायचं नसतं! वाचक असल्या नकाराला दोन प्रकरणं मान देतो. तिसऱ्यात त्याला कळून चुकतं की बाई शेवटी हो म्हणणारच आहेत, नाहीतर कादंबरी छापली कशाला. मग तो नुसता वाट बघत बसतो, आणि वाट बघायला लावणारी नायिका हट्टी वाटते.

नकाराला वजन येतं ते तिच्या होकारावर कुणाचं तरी पोट चालत असतं तेव्हा. यासाठी मी नेहमी मॅगी फॉक्सची गोष्ट सांगते. ती खरी घडलेली आहे, आणि मेलेल्यांशी बोलणाऱ्या, पण नको-नको म्हणणाऱ्या माध्यमाची एवढी चांगली प्रेमकथा मला कुठल्या कादंबरीत सापडलेली नाही.

१८४८ चा मार्च संपत आला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड्सव्हिल नावाच्या खेड्यात फॉक्स कुटुंबाच्या घरी रात्री टकटक ऐकू यायला लागली. प्रश्न विचारला की टकटक उत्तर देई. घरात दोन मुली, मॅगी चौदाएक वर्षांची आणि केट तिच्याहून धाकटी. शेजारीपाजारी गोळा झाले, तळघरात कुणाचा तरी खून झालाय असं ठरलं, आणि गोष्ट हाताबाहेर गेली. त्यांची थोरली बहीण लिआ रॉचेस्टर शहरात राहायची आणि वयाने बरीच मोठी होती. तिने मुलींना तिकडे नेलं आणि १८४९ च्या नोव्हेंबरात मॅगीला भर सभागृहात लोकांपुढे उभं केलं. तिथून पुढे मृतात्म्यांशी बोलणं हा त्या घराचा धंदा झाला.

१८५२ मध्ये फिलाडेल्फियात एक तरुण डॉक्टर मॅगीला भेटला. त्याचं नाव एलिशा केंट केन. न्यायाधीशाचा मुलगा, नौदलातला डॉक्टर, उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर एकदा जाऊन आलेला. तो तिच्या प्रेमात पडला. भुताखेतांवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता. ही फसवणूक आहे, सोडून दे, असं तो तिला पत्रांतून पुन्हा पुन्हा विनवत राहिला. तिला शाळेत घालायची व्यवस्था केली, म्हणजे चारचौघांत उभी करण्याजोगी होईल. आणि १८५३ मध्ये ध्रुवाकडे हरवलेल्या फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्दीच्या शोधासाठी स्वतः बर्फात निघून गेला. दोन हिवाळे जहाज अडकून पडलं. १८५५ च्या ऑक्टोबरात परतला तेव्हा अमेरिकेत त्याच्यापेक्षा लाडका माणूस नव्हता. त्याच्या घरच्यांना ही ‘टकटकवाली’ सून नको होती. तो पुढे सरके, मागे हटे. १८५७ च्या फेब्रुवारीत तो हवानात वारला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मॅगीचं म्हणणं, जाण्याआधी आम्ही साक्षीदारांपुढे एकमेकांना नवरा-बायको मानलं होतं. त्याच्या घरच्यांनी ते मानलं नाही. तिने कॅथलिक धर्म स्वीकारला, बरीच वर्षं मृतात्म्यांना बोलवायच्या बैठका घेणं टाळलं, आणि पुढे पैशांसाठी पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसली.

मग आला २१ ऑक्टोबर १८८८. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या नाट्यगृहात मॅगी रंगमंचावर आली, पायातला बूट काढला आणि अंगठ्याचा सांधा मोडून सगळ्यांना टकटक ऐकवली. चाळीस वर्षांचं परलोकाचं बोलणं ते एवढंच. वर्ष-सव्वा वर्षाच्या आत तिने तो कबुलीजबाबही परत घेतला. १८९३ मध्ये ती गरिबीत मेली.

ही गोष्ट एवढी लांबवली त्याला कारण आहे. यात कुणी कुणाला वाचवत नाही. लिआला मॅगीचा आवाज हवा, कारण त्यावर घर चालतं. केनला मॅगीचं गप्प बसणं हवं, कारण त्यावर त्याची अब्रू चालते. दोघांचं तिच्यावर प्रेम असेलही, पण दोघं आपलं बिल तिच्या नावावर फाडतात. आणि मॅगीच्या नकारात नुसता कंटाळा नाही. तिच्या होकारात खोटेपणा आहे आणि नकारात उपासमार. आता तुमच्या वृषालीकडे बघा. पगार सुरू, फ्लॅट स्वतःचा, आई नुसती काळजी करते. तिला ‘नको’ म्हणायला जातंय काय?

तुम्ही गोष्ट कुडाळकडे नेलीत याचा मला आनंद झाला, कारण नकाराची किंमत तिथे जागेवर तयार पडलेली आहे आणि तुम्ही ती उचललेली नाही. सिंधुदुर्गात देवाचा अवसर ज्याच्या अंगात येतो त्याला ‘झाड’ म्हणतात, हे तुम्हाला आजोळामुळे माहीत असणारच. हा मान सहसा घराण्यात चालतो. त्यात रोख पैसा फारसा नसतो. तरंग, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात तेव्हा उभं राहायची जागा असते, नारळ असतो, पानविडा असतो, गाऱ्हाणं घातल्यावर अख्ख्या गावाने दिलेला “व्हय महाराजा” असतो. असा मान सोडणारं घर गावरहाटीत खाली घसरतं. वृषालीच्या आजोबांनंतर घरात कुणाच्याच अंगात अवसर आला नाही आणि मुलीच्या अंगात भलतंच काहीतरी येऊ लागलं, तर मामाची काय पंचाईत होईल? तो तिला लपवेल की वापरेल? हे लिहा. मामा तुमच्या मसुद्यात फक्त स्टेशनवर आणायला येतो आणि सोलकढी वाढतो.

इथे एक सावधगिरी. देवाचा अवसर आणि मेलेल्या माणसाचं बोलणं या दोन गोष्टी गावात कुणी एकत्र करत नाही, तुम्ही मात्र पान तेहेतीसवर सरसकट केल्यात. अवसरासमोर लोक हात जोडतात. मेलेलं माणूस कुणाच्या तोंडून बोलायला लागलं तर तेच लोक दोन पावलं मागे सरकतात आणि कुणीतरी भूत उतरवणाऱ्या घाड्याला बोलवायला पळतं. वृषाली या दोन पंगतींच्या मधल्या फटीत बसते, आणि तिची खरी अडचण ही आहे.

लहानपणी मी एक झाड जवळून पाहिलंय. माझ्या आजोळी शेजारच्या घरातले काका, शांत, विडी ओढणारे, गुरांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारे. त्या वर्षी दसऱ्याला त्यांच्या अंगात अवसर आला आणि सगळ्या मानकऱ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं की अमक्याने हद्दीचा गडगा हातभर सरकवलाय. अमका म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. रात्री मी आणि मामेबहीण मागच्या पडवीत डोकावलो. काका भिंतीला टेकून बसले होते, काकी त्यांच्या पोटऱ्यांना खोबरेल तेल चोळत होत्या. काकांनी विचारलं, “काय बोललंय मी?” काकी तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, “काय नाय. पाऊस बरो पडतलो म्हटलंस.” सकाळी काका नेहमीसारखे भावाच्या अंगणात गेले आणि तिथे कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. ते का, हे त्यांना पुढे कुणी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. अंगात आलेलं खरं की खोटं हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आजही त्या आठवणीत पडत नाही. पोटऱ्या चोळणारे ते हात मात्र आठवतात.

तेव्हा वृषालीला डोकेदुखी नको, एक जुना प्रसंग द्या. त्यातही ती खरं बोलली आणि वाईट झालं, असा प्रसंग नको; तो सगळेच लिहितात. ती खोटं बोलली असा लिहा. सोळाव्या वर्षी शेजारच्या बाई आपल्या बुडालेल्या मुलाबद्दल विचारायला आल्या. वृषालीला काहीच ऐकू आलं नाही. समोर बाई बसलेल्या, आजी दारात उभी. ती म्हणाली, “तो बरा आहे, तुमची आठवण काढतो.” बाई समाधानाने गेल्या, दुसऱ्या दिवशी तांदळाची गोणी आली. तेव्हापासून तिला स्वतःच्या कानांचा भरवसा नाही. ऐकू आलेलं खरं की आपण रचलेलं, हे तिलाच कळत नाही. अशी बाई ‘नको’ म्हणाली तर वाचक तिच्या बाजूने उभा राहील, आणि त्याच वेळी तिच्यावर संशयही घेईल. मला दोन्ही हवंय.

आता आबा. दुसऱ्या प्रकरणात ते विहिरीतून बोलतात, “मला पुतण्याने ढकललं. मला न्याय हवा.” इथे मी पेन्सिल खाली ठेवली. खुन्याचं नाव पान एकवीसवर कळलं, तर पुढची साठ पानं वृषाली गप्प का? तर तुम्हाला कादंबरी लिहायची आहे म्हणून. शिवाय कुडाळकडचा म्हातारा मेल्यावर पुण्यातल्या बातमीदारासारखा बोलायला लागतो, हे मला जास्त भीतिदायक वाटलं. आबांना आधी म्हैस आठवेल. “म्हशीक पाणी दाखवलंस?” असं ते विचारतील, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतील.

माझा कामाचा नियम साधा आहे: मेलेल्याला तेवढंच माहीत, जेवढं मरताना त्याच्या इंद्रियांना कळलं. मेल्याने माणूस सर्वज्ञ होत नाही. आबांना मागून धक्का बसला, तर चेहरा त्यांना दिसलाच नाही. त्यांना ठाऊक आहे ते मानेवर पडलेल्या हाताचं खरखरीतपण, त्या हाताला येणारा जळक्या काजूच्या टरफलांचा वास, रहाटाची करकर आणि शेवाळाची चव. मे महिना धरा. काजूच्या टरफलातलं तेल लागून हाताची कातडी काळी पडते, सोलते, फोडही येतात. त्या दिवसांत निम्म्या गावाचे हात असे असतात. म्हणजे आबांनी खरं सांगितलं आणि तरी काहीच सांगितलं नाही. आता परबांना काम आहे: कुणाचे हात असे असायला हवेत आणि नाहीत, कुणाचे असायला नकोत आणि आहेत.

दुसरी गोष्ट, मेलेले खोटंही बोलतात. जिवंतपणी जे लपवलं ते मेल्यावर उघड करायची त्यांना घाई कशाला? पुतण्याला आबांनी अंगाखांद्यावर वाढवलंय. समजा त्यांना वासावरून नक्की कळलंय आणि ते मुद्दाम भलत्याकडे बोट दाखवतायत. वृषालीला हे पान दीडशेवर कळू द्या. तोवर एक निरपराध माणूस तिच्या शब्दावर कोठडीत गेलेला असेल.

रहस्याची मी एक चाचणी घेते. भुताचे सगळे प्रसंग काढून मसुदा वाचायचा. गुन्हा उलगडणं मुळातच अशक्य झालं, तर भूत कॉपी पुरवतंय. काहीच फरक पडला नाही, तर भूत तोरणासारखं नुसतं लटकवलंय. मधली जागा कशी असते, ते अमेरिकेतल्याच एका जुन्या खटल्यात दिसतं. वेस्ट व्हर्जिनियातला ग्रीनब्रायर परगणा, जानेवारी १८९७. झोना हीस्टर शू नावाची तरुण बायको घरात मेलेली सापडली. नवरा लोहार. त्याने डॉक्टर यायच्या आत स्वतःच प्रेताला कपडे घातले, उंच गळपट्टीचा पोशाख, वर मानेला रुमाल. डॉक्टर मानेकडे वळला की हा हंबरडा फोडून प्रेताला कवटाळायचा. नैसर्गिक मृत्यू अशी नोंद झाली आणि दफन उरकलं. मग झोनाची आई सांगू लागली की मुलगी चार रात्री येऊन गेली, नवऱ्याने मान मोडली म्हणाली. आईने सरकारी वकिलाला गाठलं. फेब्रुवारीत प्रेत उकरलं, तपासलं, मान खरंच मोडलेली निघाली. नवऱ्याला जन्मठेप झाली आणि १९०० मध्ये तो तुरुंगातच मेला.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. भुताचा विषय कोर्टात सरकारी वकिलाने काढला नाही, तो काढला आरोपीच्या वकिलाने. आईला वेडी ठरवायची म्हणून त्याने उलटतपासणीत तिला खोदून खोदून विचारलं. ती जागची हलली नाही, आणि ज्यूरीने सगळं ऐकून घेतलं. म्हणजे भुताने पुरावा दिलाच नाही, फक्त उकरायला कारण दिलं. आणि गळपट्टी? ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तुमच्या विहिरीपाशी अशी एक गळपट्टी पान दहाच्या आत ठेवा आणि तिच्यावरून वाचकाला पुढे जाऊ द्या.

आपल्याकडे तर वृषालीचं बोलणं कोर्टाच्या पायरीपर्यंतही पोचणार नाही. मृत्युपूर्व जबाब कायद्याला चालतो, मृत्यूनंतरचा नाही. उलट, प्रेत कुठे आहे हे जिला आधी ठाऊक, ती बाई पोलिसांच्या यादीत पहिली. हे भय पुरेसं खरं आहे, आणि तुमच्या नायिकेने बँकेत काम केलंय, म्हणजे कागद काय करू शकतो हे तिला कळतं. तिच्या गप्प बसण्याला हे दुसरं कारण झालं.

अंधश्रद्धेच्या धास्तीबद्दल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कथा-कादंबरीतलं भूत या कायद्याच्या वाटेला जात नाही, निश्चिंत राहा. पण हा कायदा दूर ठेवू नका, कथेत घ्या. अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचं भासवून लोकांना धाक घालणं त्याच्या अनुसूचीत आहे. आणि त्याच कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, त्याचा दर्जा पोलीस निरीक्षकाहून कमी चालत नाही. तुमचे परब कोण आहेत? निरीक्षक! ही गंमत तुमच्या हाताशी आयती आली होती. परबांकडे तेच काम द्या. मामाने वृषालीला पाटावर बसवून गावाला बोलावलं, कुणाला शाप-बिप सुनावला गेला, तर गुन्हा नोंदवायचा तो परबांनीच.

एक विनंती मात्र आहे. पान अठ्ठेचाळीसवर गावातल्या एका बाईला ‘लागलंय’ म्हणून फोकाने मारतात आणि तुम्ही तो प्रसंग वातावरणनिर्मितीसाठी वापरून पुढे निघून जाता. ठेवायचा असेल तर त्या बाईचं पुढे काय झालं ते लिहा, नाहीतर काढा. आणि वृषालीला एकदा तरी चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, लवकर पाठवा. वाचक हा प्रश्न विचारणारच. डॉक्टरला मूर्ख दाखवू नका. त्याने दिलेल्या गोळ्यांनी तिला झोप लागू दे, बरंही वाटू दे.

आता प्रेम. ‘त्याच्याजवळ असली की आवाज थांबतात’, हे वाक्य तुमच्या पान बावन्नवर आहे. ते खोडा. मी ते किमान तीसेक हस्तलिखितांत खोडलंय. असा नायक माणूस उरत नाही, कानात घालायचा कापसाचा बोळा होतो. पान साठवर ती त्याच्या दिवंगत आईने ठेवलेलं लाडकं नाव सांगते आणि तो विश्वास ठेवतो, तेही खोडा. असली नावं काढून घ्यायची हातोटी प्रत्येक भोंदूकडे असते आणि परबांनी असे दहा तरी धरलेले असणार. ते नाव ऐकून त्यांचा संशय वाढायला हवा.

परबांना काय हवंय, ते ठरवा. तुमच्या मसुद्यात त्यांची बायको अपघातात गेलेली आहे आणि तिचा उल्लेख दोन ओळींत आटोपतो. तिला अपघातात मारू नका, बेपत्ता करा. सहा वर्षं झाली, सातवं लागलंय. सात वर्षं ज्याचा मागमूस जवळच्यांनाही लागला नाही, तो मेला असं साक्षीच्या कायद्यात धरून चालतात. जिवंत आहे असं म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करायची जबाबदारी येते. परबांच्या सासूबाई कॅलेंडरवर फुल्या मारत असतील. परब मारत नाहीत. हा माणूस कायद्याने काही महिन्यांत मोकळा होणार आहे आणि त्याला मोकळं व्हायचं नाहीये. वृषालीसारखाच तोही ‘नको’ म्हणतोय, फक्त त्याचा नकार फाइलमध्ये आहे.

आणि वृषालीला, तो पहिल्यांदा दारात आला त्या दिवसापासून, त्याच्या मागे एक बाई ऐकू येतेय.

बघा, आता तिचं गप्प बसणं किती बाजूंनी ताणलं जातं. सांगितलं तर त्याची आशा मारली. सांगितलं नाही तर त्याच्या आशेवर आपण आयत्या बसलोय. सांगितलं तर तो विचारणार, तुला कसं कळलं. आणि पोलीस असल्याने विचारणार, प्रेत कुठे आहे. शिवाय सोळाव्या वर्षीची ती तांदळाची गोणी आहेच. हे ऐकू येतंय की आपल्यालाच तो हवाय म्हणून आपण ऐकतोय? आबांचा खून, परबांवरचं प्रेम आणि तिचा नकार आता एकाच खुंटीला टांगलेत. एक ओढलं की तिन्ही हलतील.

परबांनाही नुसता अविश्वासू ठेवू नका. वेल्समधल्या ड्युई रीस नावाच्या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही अनुभव आला होता; बऱ्याच जणांना तो जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना आवाज आला होता, काहींनी पाहिलं होतं. ती वेडी नव्हती, चांगली संसारी माणसं होती. आणि बहुतेकांनी हे तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आता कल्पना करा, तुमचे हे कायद्याचे निरीक्षक रात्री एकटे जेवायला बसले की समोर दुसरं ताट घेतात. बायको जिवंत आहे म्हणून घेतात, की ती समोर बसलेली जाणवते म्हणून, हे त्यांनी स्वतःलाही विचारलेलं नाही. पान शंभरच्या आसपास वृषालीला ते दुसरं ताट दिसू द्या. तिने काही बोलू नये. जेवल्यावर तिने दोन्ही ताटं घासावीत.

आता पान चार. तुमच्या ऐंशी पानांतली सगळ्यात खरी ओळ तिथे आहे आणि तुम्ही ती लिहून विसरून गेलात: वृषाली डिसेंबरच्या थंडीतसुद्धा टेबलफॅन लावून झोपते, कारण त्याच्या घरघरीत बाकीचं बुडतं. एवढ्या एका ओळीत तिच्या नकाराला यंत्र मिळालं, वीज मिळाली, बटण मिळालं. आणि तुमची गोष्ट अशा जागी घडतेय जिथे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही!

पान ऐंशीच्या पुढचं आत्ता लिहू नका. आधी हा प्रसंग लिहा, नंतर तो कुठे बसतो ते बघू. आषाढ. परबांचं घर. वृषाली त्या घरात पहिल्यांदा आलीय, आबांच्या केसमधला कुठलासा कागद द्यायला, पावसात अडकलीय. दोघांमध्ये अजून काही बोलणं झालेलं नाही. चहाचे कप आहेत, पंखा घरघरतोय. वीज जाते. पंख्याची पाती हळू होतात, थांबतात. अंधारात परब उठतात, चाचपडतात, काडेपेटी सापडते, मेणबत्ती सापडत नाही. स्वतःशीच पुटपुटतात, इथेच होती कुठेतरी. आणि वृषाली, काहीही विचार न करता, सवयीने सांगितल्यासारखं सांगते, “शिवणाच्या मशीनच्या खालच्या खणात आहे.”

परब खण उघडतात. मेणबत्ती तिथेच आहे.

ती पेटवल्यावर ते काय विचारतात, तेवढं लिहून पाठवा. दीड पान पुरे.